कापड थांबतं, कपडा थांबत नाही

मराठीत कापड आणि कपडा हे दोन वेगळे शब्द आहेत. कपड्यांचा छोटा धंदा सुरू करणाऱ्यानं दुकानाचं नाव, लोगो आणि मानेवरचं लेबल यांच्या आधी या दोन शब्दांमधलं अंतर समजून घ्यावं. निळ्या सुती कापडाचा तागा कपाटात सहा महिने पडून राहिला, तरी त्यातून कुर्ता निघतो, फ्रॉक निघतो, परकर निघतो, उशांचे अभ्रेही निघतात. काहीच जमलं नाही तर थोडी खोट खाऊन तो दुसऱ्या कुणाला देता येतो. त्याच कापडावर कात्री फिरली, बाही लागली, काजं-बटणं झाली की त्याचा कपडा होतो आणि त्याचं गिऱ्हाईक ठरून जातं: ३८ छातीची, निळा रंग आवडणारी, पाऊण बाही चालणारी कुणीतरी एक. ती या महिन्यात आली तर पैसे मोकळे झाले. नाही आली तर पुढच्या महिन्यात गळ्याची तऱ्हा बदललेली असते, घडीवर पिवळट रेघ उमटलेली असते, आणि शिलाईला दिलेले पैसे परत मिळण्याचा मार्ग बंद झालेला असतो. वीस-पंचवीस वर्षांचे तरुण-तरुणी हा धंदा काढतात तेव्हा बहुतेकांना चिंता असते ती डिझाइनची आणि जाहिरातीची. माझं म्हणणं असं की छोट्या कापडधंद्याचा जीव शिवून पडलेल्या मालात अडकतो, आणि स्थानिक धंद्याकडे मोठ्या कंपनीपेक्षा जास्त असलेली गोष्ट एकच आहे: कात्री उशिरा चालवण्याची सोय. बाकी सगळ्या गोष्टी मोठ्यांकडे जास्त असतात.

माल अडकतो कसा, ते मोजून पाहता येतं. शंभर कुर्ते म्हणजे काही फार नव्हेत असं वाटतं. पण पाच मापं आणि चार रंग म्हटले की वीस खाने होतात आणि एका खान्यात पाच कुर्ते येतात. त्यात बाह्यांचे दोन प्रकार आले की खाने चाळीस आणि एका खान्याला अडीच कुर्ते. मागणी सगळ्या खान्यांत सारखी पडत नाही. मधली मापं आधी उचलली जातात, कडेची राहतात. मरून संपतो, मोरपंखी लटकत राहतो. बाजारात याला सेट तुटणं म्हणतात. सेट तुटला की दुकानात तीस-चाळीस कुर्ते टांगलेले दिसतात आणि आलेल्या बाईला हवं ते माप नेमकं त्यांत नसतं. मग नवा माल भरायचा, तर पैसे त्या टांगलेल्या कुर्त्यांत अडकलेले. दिवाळीनंतर वही काढली तर नफा दिसतो, कारण शिल्लक मालही किमतीला धरलेला असतो. गल्ल्यात मात्र पुढच्या ताग्याचे पैसे नसतात. नव्या दुकानाला कुलूप लागतं तेव्हा 'गिऱ्हाईक नव्हतं' असं सांगितलं जातं. पुष्कळदा गिऱ्हाईक होतं, पण त्याच्या मापाचा कुर्ता नव्हता आणि तो शिवायला पैसे नव्हते.

आकडे कल्पित घेऊ, पण हिशेब खरा आहे. एकदम शंभर कुर्ते शिवले, एकाला खर्च ४०० रुपये आला, म्हणजे ४०,००० गुंतले. चार महिन्यांत ७० कुर्ते ७०० रुपयांनी गेले, उरलेले ३० निम्म्या भावात काढावे लागले. हाती आले ५९,५००, नफा १९,५००. आता दुसरा मार्ग. दर महिन्याला वीसच कुर्ते शिवायचे. कापड कमी घेतल्यामुळे भाव चढा लागतो, कटिंग सुटं पडतं, म्हणून खर्च ४५० धरू. म्हणजे ९,००० रुपये गुंतले. मागच्या महिन्यात काय गेलं ते पाहून शिवल्यामुळे अठरा पूर्ण भावात जातात, दोन निम्म्यात. हाती १३,३०० आणि नफा ४,३००. चार महिन्यांचा नफा १७,२००. वरवर पाहता हा पहिल्यापेक्षा कमी आहे. पण पहिल्याला ४०,००० रुपये लागले आणि दुसरा ९,००० रुपयांवर चालला. मुद्रा योजनेत 'शिशु' गटातलं कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं. ते पैसे एका ढिगात घालून दिवाळीची वाट पाहायची, की त्यातले नऊ-दहा हजार महिन्याला फिरवत ठेवून बाकीचे चुकीसाठी हाताशी राखायचे, या निवडीवर धंद्याचं पहिलं वर्ष अवलंबून असतं. चूक होणारच आहे. वीस कुर्त्यांची चूक पचते.

छोट्या माणसाला हा मार्ग खुला का राहिला, याचं उत्तर कापडाच्या स्वभावात आहे. सिंगरनं शिवणयंत्राचं पेटंट घेतलं ते १८५१ मध्ये. त्यानंतर मोटारी जोडण्यापर्यंत यंत्रमानव आले, तरी बाही मुंड्यावर बसवायला आजही माणसाचीच बोटं लागतात. कापड लुळं असतं; ते सरकतं, ताणलं जातं, दुमडतं, आणि शिवणारी व्यक्ती दर क्षणाला ते सावरत असते. त्यामुळे हजार कामगारांच्या कारखान्यातही मुळात एक मशीन आणि एक माणूस हीच जोडी असते. मोठ्या कारखान्याची बचत होते ती घाऊक कापडखरेदीत, एकावर एक थर लावून एकदम शेकडो तुकडे कापण्यात, आणि कॉलर एकानं, काजं दुसऱ्यानं अशा वाटणीत. सुईच्या टोकाशी त्याला फारसा फायदा नसतो. यंत्रांविषयी कडक भूमिका घेणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राला अपवाद मानलं होतं, तो निव्वळ भावनेचा भाग नव्हता. घरात मावणारं आणि घरच्या माणसाला बाहेर न काढणारं यंत्र ते खरोखरच होतं. आपल्याकडे तयार कपड्यांचा उद्योग बराच काळ लघुउद्योगांसाठी राखीव होता. २००० च्या वस्त्रोद्योग धोरणानं ते आरक्षण उठवायला सुरुवात केली आणि मोठे कारखाने मैदानात आले. तरी गल्लीतली मशीन थांबली नाही, त्यामागे कापडाचा हा लुळेपणा आहे.

उशिरा कापण्याची किंमत कळते ती परदेशातल्या दोन बड्या कंपन्यांकडे पाहिल्यावर. इटलीतल्या बेनेटन भावंडांनी १९६५ मध्ये कंपनी काढली. सूत आधी रंगवायचं आणि मग स्वेटर विणायचा, ही त्या धंद्याची रीत. बेनेटननं ती उलटी केली: काही स्वेटर बिनरंगाचेच विणून ठेवले आणि हंगामात कुठला रंग उचलला जातोय ते पाहून मग रंगवले. तयार स्वेटर रंगवणं महाग पडतं, तरी ते परवडलं, कारण न खपलेल्या रंगाचे ढीग उरले नाहीत. स्पेनमध्ये अमान्सिओ ऑर्तेगा १९६३ पासून बायकांचे घरात घालायचे झगे शिवत होते. १९७५ मध्ये त्यांनी आ कोरुन्या शहरात 'झारा'चं पहिलं दुकान उघडलं. बाकीच्या कंपन्या स्वस्त मजुरीसाठी आशियाकडे धावल्या तेव्हाही झारानं झपाट्यानं बदलणाऱ्या तऱ्हांचं कटिंग आपल्याच भागात ठेवलं आणि शिलाई गॅलिसियातल्या व उत्तर पोर्तुगालमधल्या छोट्या कार्यशाळांकडून करून घेतली. मजुरी जास्त पडली, पण दुकानात काय चाललंय हे कळल्यावर थोडक्या दिवसांत माल येऊ लागला. गिऱ्हाइकाच्या जवळ राहण्यासाठी या कंपन्यांनी प्रचंड खर्च केला आणि अख्खी यंत्रणा उभारली. कऱ्हाडला किंवा परभणीला दोन मशीन टाकून बसलेल्या मुलीच्या समोर ते गिऱ्हाईक आपण होऊन उभं असतं. तरीही तिला सल्ला मिळतो तो सुरतेहून शंभर नग उचलून आणण्याचा.

खरं तर आपल्याकडच्या शिंप्याची जुनी व्यवस्था या हिशेबानं फार शहाणी होती. कापड गिऱ्हाइकानं कापडवाल्याकडून आणायचं, शिंप्यानं माप घेऊन शिवायचं आणि शिलाई घ्यायची. दुकानात त्याच्या स्वतःच्या पैशाचं असं काय, तर रिळं, बटणं आणि अस्तर. न खपलेला माल ही भानगडच नव्हती. रेडीमेडनं त्याला मागं सारलं ते केवळ स्वस्त पडलं म्हणून, असं मला वाटत नाही. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळपर्यंतचे हेलपाटे, 'काजं तेवढी राहिलीत' हे ठरलेलं उत्तर आणि घरी आणल्यावर काखेत ओढणारा ब्लाउज, यांना लोक कंटाळले होते. तयार कपडा घालून आरशात पाहता येतो आणि आजच्या आज पिशवीत पडतो. म्हणून 'मागणीनंतर शिवा' म्हटल्यावर पहिला आक्षेप येतो तो रास्तच आहे: गिऱ्हाईक थांबत नाही, त्याला आता हवं असतं.

या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते सगळंच शिवून ठेवणं किंवा काहीच न शिवणं यांच्या मधे कुठंतरी आहे. प्रत्येक तऱ्हेचा एकेक नग सगळ्या मापांत फक्त घालून पाहण्यासाठी ठेवायचा. गिऱ्हाइकानं तो घालून पाहिला, रंग ताग्यावरून निवडला, की चार दिवसांनी तिचा कुर्ता तिला मिळतो. याहून उपयोगी युक्ती अर्धवट शिवण्याची. कुर्त्यात वेळ आणि कसब खातो तो गळा, पट्टी आणि त्यावरचं काम. हे सगळ्या मापांत जवळजवळ सारखंच चालतं. बाजूच्या शिवणी, बाहीची लांबी आणि खालची दुमड एवढंच मापाप्रमाणे बदलतं. मोठ्या मापाचं अंग गळ्यापुरतं तयार करून ठेवलं आणि बाजू मोकळ्या राखल्या, तर तोच नग तीन-चार मापांच्या बायकांना तासाभरात बेतून देता येतो. शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात, आणि शब्द फार नेमका आहे. कारखाना ती मोजून कमीत कमी ठेवतो, कारण हजारो नगांत प्रत्येक सेंटिमीटर पैशांत जातो. अर्ध्या शिलाईवर माल थांबवणं ही बेनेटनचीच रीत आहे, फक्त रंगाऐवजी मापाला लावलेली. शिवाय मागणी नोंदवताना निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. तयार कुर्त्यासाठी कुणी आगाऊ देत नाही. आपल्या मापाच्या कुर्त्यासाठी देतात, आणि कापडाचे पैसे त्यातून निघतात.

माप हा शब्द इथं जरा खोलात घ्यायला हवा. तयार कपड्यांवरची एस, एम, एल ही अक्षरं बाहेरच्या देशांतल्या शरीरांवरून आलेल्या तक्त्यांना थोडी ठाकठोक करून वापरली जातात. भारतीय शरीरांचा प्रमाण तक्ता तयार व्हावा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत २५,००० माणसांची शरीरं त्रिमितीय स्कॅनरनं मोजायची, असा त्याचा आराखडा होता. तक्ता हाती आला तरी तो सरासरीच सांगणार. एखाद्या तालुक्यात शेतात काम करणाऱ्या बायकांचे खांदे रुंद आणि कंबर बारीक असते, शहरात बसून काम करणाऱ्यांचं उलट. आणि ही माहिती मापाच्या वहीत महिन्या-दोन महिन्यांत जमा होते. माप दुरून ठरवलं की काय होतं, हे महाराष्ट्रानं २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात पाहिलं. सरकारी शाळांच्या गणवेशाचं कापड एकत्रित खरेदी करून शिलाई बचतगटांमार्फत करायचं ठरलं. हेतू चांगला होता, कामही गावातल्याच बायकांना मिळणार होतं. पण कापड, कटिंग आणि वाटप वरून ठरत होतं, गणवेश अनेक ठिकाणी उशिरा पोहोचले, मापांच्या तक्रारी आल्या, आणि पुढच्या वर्षासाठी हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला गेला. शिवणारे हात स्थानिक असून भागलं नाही.

दुसरा आक्षेप भावाचा. टाटांच्या ट्रेंट कंपनीच्या झुडिओ दुकानांची संख्या मार्च २०२५ पर्यंत साडेसातशेच्या वर गेली होती आणि तिथले बहुतेक कपडे हजार रुपयांच्या आत मिळतात. यांच्याशी भावात लढता येत नाही, आणि लढूही नये. टी-शर्ट, लेगिंग, रोजचा शर्ट हा मुलूख त्यांना सोडून द्यावा. पण त्यांच्या दुकानात नऊवारी शिवून मिळत नाही. शिवलेली नऊवारी हे उदाहरण मला मोलाचं वाटतं. पाडव्याच्या शोभायात्रा, ढोलपथकं, मंगळागौर, लग्नातला एक विधी, अशा ठरलेल्या दिवसांसाठी ती लागते. कंबर, उंची आणि बसण्याचा घेर यांची मापं चुकली तर ती नेसल्यासारखी दिसत नाही, पायजम्यासारखी दिसते. साडी बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्याच घरची असते, म्हणजे कापडातही पैसे गुंतत नाहीत. गरोदर बाईचे कपडे, उंच किंवा स्थूल मुलींचे कपडे, चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला सोयीचे पडणारे कपडे, स्थानिक बँडपथकाचा पोशाख यांचंही तसंच. यांतल्या प्रत्येकाला जास्त पैसे मोजायला कारण आहे. करातही आता थोडा दिलासा आहे: पूर्वी हजारावरच्या कपड्याला १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंत ५ टक्केच लागतो, आणि मापावर शिवलेला कपडा नेमका याच पट्ट्यात पडतो.

कुणी म्हणेल, चाललेली गोष्ट दुसरे लगेच उचलतात, मग ही सगळी मेहनत कशाला? खणाचं हेच झालं. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या हातमागावर विणला जाणारा खण पिढ्यान्‌पिढ्या चोळीपुरता होता. मराठी तरुण उद्योजिकांनी त्याच्या साड्या, फ्रॉक, जॅकेटं, पर्सेस केल्या आणि बघता बघता तो घराघरांत गेला. मागोमाग यंत्रमागावरची चकचकीत नक्कल आली, सगळ्यांच्या फोटोंत तेच चौकडे आणि तेच काठ दिसू लागले, आणि भाव घसरला. यातून 'काहीतरी नवं शोधा' एवढाच धडा घेतला जातो. मला तो अपुरा वाटतो. तऱ्हा राखता येत नाही, कोणाचीच राखली गेलेली नाही. राखता येते ती मापाची वही. अमक्या बाईंना डावा खांदा उतरता आहे, गळा मागून बंद लागतो, मुलगी दर वर्षी दोन इंच वाढते, हे ज्या दुकानाला ठाऊक आहे तिथून दुसरीकडे जायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणं आलं. इन्स्टाग्रामवरून दूरदूर विकणाऱ्यांना हा आधार नसतो, उलट परत आलेल्या पार्सलांचा भुर्दंड असतो.

उधारीबद्दल थोडक्यात. आपला माल दुसऱ्या दुकानात ठेवायला दिला की पैसे 'पुढच्या सोमवारी' येतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि २०२३ च्या वित्त कायद्यानं त्याला आयकराची धार लावली: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाही. त्यासाठीची उद्यम नोंदणी फुकट आहे. मात्र हे संरक्षण शिवून विकणाऱ्याला आहे. तयार माल आणून पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याला ते मिळत नाही. सुरतेच्या गाठोड्याविरुद्धचा हा आणखी एक मुद्दा. अर्थात कायदा दाखवून उधारी वसूल झाली तरी ते दुकान पुढच्या खेपेला माल घेत नाही, तेव्हा आगाऊ पैसे देणारं गिऱ्हाईक केव्हाही बरं.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत अवघड आहे आणि तो गिऱ्हाइकाकडून येत नाही, मशीनवर बसणाऱ्या बाईकडून येतो. कात्री उशिरा चालवली की मालकाची जोखीम कमी होते, पण ती नाहीशी होत नाही. नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिरावर जाऊन पडते. आश्विनात मध्यरात्रीपर्यंत शिलाई, पितृपक्षात आणि पौषात हात रिकामे. झाराचे कपडे शिवणारी माणसंही या ताणातून सुटलेली नाहीत. याला पूर्ण उत्तर नाही, पण बरंचसं आहे. पाडवा आणि लग्नसराई, मग जूनच्या आधीचे गणवेश, मग श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी, तुळशीचं लग्न झालं की पुन्हा लग्नसराई, हे पंचांग आधीच ठाऊक असतं. मधल्या खळग्यांत गळ्यापर्यंतचे नग तयार करून ठेवता येतात, कारण ते मापानं बांधलेले नसतात. दुरुस्तीची कामं घेता येतात. तरीही काही आठवडे मोकळे जाणारच, आणि त्यांचे पैसे कपड्याच्या किमतीत आधीच धरावे लागतात. वरच्या हिशेबात दर कुर्त्यामागे ४० रुपये बाजूला काढले तर ऐंशी कुर्त्यांचे ३,२०० होतात आणि नफा १७,२०० वरून १४,००० वर येतो. शंभराच्या ढिगाशी तुलना करायची ती या चौदा हजारांची, सतरा हजारांची नव्हे. हे चाळीस रुपये वाचवले तर ती बाई पौषात घरी बसते, आणि नवरात्राच्या तोंडावर वहीत साठ मापं लिहिलेली असताना ती गावातल्या दुसऱ्या कुणाच्या मशीनवर बसलेली असते.